सोललेल्या त्वचेची निगा

जे विषय पुरुषांनीं हातीं घेऊं नयेत अशी आपल्या घरांतून एक अलिखित समजूत आहे, त्यांत मुखाची कांति हा एक आहे. त्यांतून लिहिणारा चाळीस वर्षें मुलांकडून विभक्ति घोकवून घेणारा पेन्शनर मास्तर असला, म्हणजे वाचकभगिनींस हंसूं येणें साहजिक आहे. त्यांनीं अवश्य हंसावें. परंतु हंसून झाल्यावर हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंति आहे. कारण ज्या वस्तूनें आमच्या घरांतील एका गुणी मुलीच्या गालावर डाग पडला, ती वस्तु आज हातांतल्या फोनवर बोट टेंकतांच घरपोंच येते. तिच्याविषयींचें ज्ञान मात्र तिच्याबरोबर येत नाहीं.

या गोष्टीचें नांव ‘केमिकल पील’. पील म्हणजे साल काढणें. चेहऱ्यावर विशिष्ट आम्लाचा लेप ठराविक वेळ ठेवून त्वचेचा वरचा जीर्ण थर सुटा करावयाचा, म्हणजे खालून नवी त्वचा वर येते, असा हा उपचार आहे. मुरुमांचे डाग, वांग, उन्हानें आलेला काळेपणा, बारीक सुरकुत्या यांवर जाणत्या डॉक्टरांच्या हातून तो केला असतां गुण येतो, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. अजाणत्या हातून केला असतां काय होतें, तेंही पाहिलें आहे. दोन्ही सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

घडलेली हकीकत

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत नोकरी करते. वय सत्तावीस, बुद्धीनें तल्लख, स्वभावानें मोकळी. वयांत येतांना तिला मुरुमांचा फार त्रास झाला होता व त्यांच्या खुणा दोन्ही गालांवर राहिल्या होत्या. गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत तिला पाहावयास एक मंडळी येणार असें ठरलें. मध्यें एक महिन्याचा अवधि होता. मुलीनें कोणास न विचारतां ३० टक्के ग्लायकॉलिक आम्लाची एक बाटली मागविली. दुपारीं ती पार्लरांत जाऊन ब्लीच करून आली आणि त्याच रात्रीं तिनें तें आम्ल चेहऱ्यास लाविलें. बाटलीवर थोड्या मिनिटांची मर्यादा छापली होती. परंतु मैत्रिणीचा फोन आला आणि बोलतां बोलतां अर्धा तास निघून गेला.

सकाळीं डावा गाल लाल होऊन फुगला होता. पुढें फोड आले, खपली धरली. खाज सुटली म्हणून तिनें ती खपली नखानें काढली, आणि तोंड उघडें टाकून स्कूटरवरून भर दुपारीं कचेरीस जाणें चालूच ठेविलें. पंधरा दिवसांत त्या जागीं रुपयाएवढा काळा डाग उमटला. आईला सांगण्याची तिला छाती होईना; तिनें आम्हांस वाईस फोन केला. “मामा, तू उद्यां ये. आईला कांहीं बोलूं नकोस,” एवढेंच ती म्हणाली आणि रडूं लागली.

आम्ही दुसऱ्या दिवशीं पहिल्या गाडीनें पुण्यास गेलों व तिला घेऊन एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे बसलों. पुढील आठ महिने आम्ही भाचीबरोबर त्या दवाखान्याच्या बांकावर पुष्कळ वेळां बसलों आहों. आम्ही केवळ मॅट्रिक; वैद्यकाचा आम्हांस गंध नाहीं. परंतु मास्तराची खोड जात नाहीं. आम्ही वही नेत असूं व जें कळलें नाहीं तें पुन्हां विचारीत असूं. बाईंनींही न कंटाळतां समजावून सांगितलें. त्या वहींतील मजकूर येथें देतों.

त्वचा ही साल नव्हे

आपली त्वचा मुख्यतः दोन पदरांची आहे. वरची बाह्यत्वचा पातळ आहे. खालची अंतस्त्वचा जाड असून तींत रक्तवाहिन्या, मज्जातंतु व त्वचेस बळकटी देणारे तंतु असतात. बाह्यत्वचेच्या तळाशीं नव्या पेशी सारख्या निर्माण होत असतात. त्या हळूंहळू वर सरकतात, वर येईतों निर्जीव व चपट्या होतात आणि कोंड्याच्या रूपानें गळून पडतात. तरुण माणसांत या प्रवासास सुमारें चार आठवडे लागतात. म्हणजे निसर्ग आपली साल रोजच काढीत असतो. पील हें त्याच कामाला दिलेलें उत्तेजन आहे.

त्याच तळाशीं रंगपेशी असतात व त्या मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य तयार करितात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळ जवळ सारखीच असते, हें ऐकून आम्ही चकित झालों. भेद आहे तो त्या किती रंग करितात व त्याचे कण केवढे असतात, यांत. हा रंग म्हणजे दोष नसून सूर्याच्या प्रखर किरणांपासून केलेलें संरक्षण आहे. परंतु सांवळ्या त्वचेच्या या रंगपेशी फार जागरूक असतात. भाजलें, खरचटलें, आम्लानें दाह झाला, कीं संकट आलें असें समजून त्या अधिक रंग ओतूं लागतात. जखम बरी होते, पण काळा डाग मागें राहतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनीं १९७५ सालीं त्वचेची उन्हास मिळणाऱ्या प्रतिसादावरून वर्गवारी सुरूं केली. पुढें तिचे सहा वर्ग झाले. आपणां भारतीयांपैकीं बहुतेक चौथ्या व पांचव्या वर्गांत येतात. याचा अर्थ असा कीं, युरोपियन स्त्रीस जें आम्ल जितका वेळ मानवेल, तितकेंच तें आपल्या मुलीस मानवेल असें नाहीं. परदेशांतील चित्रें पाहून स्वतःच्या चेहऱ्यावर प्रयोग करणें धोक्याचें आहे तें यासाठीं.

ही कल्पना नवी नाहीं

संस्कृताच्या अभ्यासामुळें आम्हांस येथें सुश्रुतसंहितेची आठवण झाली. सुश्रुतानें त्वचेचे सात थर सांगितले आहेत. पहिली अवभासिनी, ती सर्व वर्ण प्रकाशित करिते. दुसरी लोहिता, व्यंग, म्हणजे आपण ज्याला वांग म्हणतों तो, हिच्या आश्रयानें असतो असें त्याचें मत आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत क्षार कसा सिद्ध करावा यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. क्षार मृदु, मध्यम व तीक्ष्ण असा तीन प्रकारचा. तो वरून लावून ज्या विकारांवर उपचार करावयाचा, त्यांच्या यादींत व्यंगाचेंही नांव आहे. दुर्बळ, बालक, वृद्ध, भित्रा, गर्भवती अशा कित्येकांना तो लावूं नये, असा निषेधही आहे. क्षाराचा दाह आम्ल पदार्थांनीं शमवावा असें तेथें सांगितलें आहे. आजच्या दवाखान्यांत ग्लायकॉलिक आम्लाचा दाह सोड्याच्या पाण्यानें, म्हणजे सौम्य क्षारानें, शमवितात. आणि अल्पबुद्धीच्या वैद्यानें वापरलेला क्षार हा विष, अग्नि, शस्त्र व वीज यांच्यासारखा घातक होतो, हाही इशारा तेथेंच आहे. डॉक्टरीणबाईंस आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, “काका, हें वाक्य माझ्या दवाखान्याच्या दारावर लिहायला हवें.”

अर्वाचीन काळीं हाम्बुर्ग येथील पॉल उन्ना यांनीं १८८२ सालीं सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, फिनॉल व ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे त्वचेवरील परिणाम लिहून ठेविले. पुढें १९७४ सालीं अमेरिकेंत व्हॅन स्कॉट आणि यू या द्वयानें फळें, ऊंस, आंबट दूध यांत सांपडणाऱ्या सौम्य आम्लांचा त्वचेच्या खवल्यांवर होणारा गुण दाखविला. ग्लायकॉलिक आम्ल उंसांत असतें, लॅक्टिक आंबलेल्या दुधांत. मँडेलिक आम्लास कडू बदामावरून नांव मिळालें, आणि सॅलिसिलिकास विलो झाडाच्या लॅटिन नांवावरून. नांवें अशीं गोड असलीं तरी दवाखान्यांतील तीव्र द्रावणें म्हणजे उंसाचा रस नव्हे, हें विसरूं नये.

पीलचे खोलीप्रमाणें तीन प्रकार आहेत. वरवरचा पील बाह्यत्वचेपुरता जातो. मध्यम पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागास पोंचतो. फिनॉलचा खोल पील त्याहूनही आंत जातो. फिनॉल रक्तांत शिरून हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करूं शकतें, म्हणून तो हृदयावर यंत्रानें नजर ठेवूनच करावा लागतो, आणि आपल्या वर्णाच्या लोकांत तो सहसा करीत नाहींत. आपल्याकडे बहुधा वरवरचाच पील, सौम्य मात्रेनें, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानें चार-सहा वेळां करितात. एका खेपेस चमत्कार होईल असें जो सांगतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी.

आधींची निगा

भाचीला वाटत होतें कीं, बिघडलेला पील दुसऱ्या पीलानें सुधारावा. बाईंनीं तें ऐकून मान हलविली. “आतां कांहींही करायचें नाहीं, हाच उपचार,” त्या म्हणाल्या. भाजलेली त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत तीन महिने त्यांनीं सौम्य साबण, मलम व उन्हापासून बचाव, यांपलीकडे कांहीं दिलें नाहीं. पीलचें अर्धें यश त्याच्या आधींच्या आठवड्यांत असतें, हें आम्हांस तेव्हां कळलें.

पहिली गोष्ट, डॉक्टरांपासून कांहीं लपवूं नये. ओठांवर जर उठण्याची खोड आहे काय, जखम झाल्यावर व्रण उंच फुगून येतो काय, ॲस्पिरिन सोसत नाहीं काय, गरोदरपण अथवा अंगावर पाजणें चालू आहे काय, मुरुमांसाठीं आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या अलीकडे घेतल्या आहेत काय, हें सर्व सांगावें. जर उठण्याचा विषाणु पीलनंतर सबंध चेहऱ्यावर पसरूं शकतो; आधीं सांगितलें तर डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात. ॲस्पिरिन न सोसणाऱ्यास सॅलिसिलिक आम्ल चालत नाहीं. चेहऱ्यावर आजवर कोणकोणतीं मलमें लाविलीं, तीं ट्यूबसकट दाखवावींत. आपल्या देशांत गोरें करण्याच्या नांवाखालीं स्टेरॉईड मिसळलेलीं मलमें महिनोन्महिने लावून चेहरा पातळ, लाल व केंसाळ करून घेतलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. तरी शेजारणीनें दिलेली ट्यूब वापरण्याची संवय गेलेली नाहीं. अशा चेहऱ्यावर पील करणें म्हणजे झिजलेल्या कापडावर ब्रश चालविणें होय.

दुसरी गोष्ट, त्वचेची पूर्वतयारी. पीलच्या आधीं दोन ते चार आठवडे रात्रीं ट्रेटिनॉईनसारखें मलम वाटाण्याएवढें लावावयास देतात. त्यामुळें वरचा निर्जीव थर सारखा होतो व आम्ल सर्वत्र सारखें उतरतें. रंगपेशी शांत राहाव्या म्हणून दुसरेंही मलम देतात. हायड्रोक्विनोन हें त्यांपैकीं एक. तें डॉक्टर सांगतील तितकेच दिवस वापरावें, कारण दीर्घकाळ वापरल्यास तेंच त्वचा काळीनिळी करूं शकतें. पीलच्या कांहीं दिवस आधीं हीं मलमें थांबवावयाचीं असतात. तो दिवस डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

तिसरी गोष्ट, पीलच्या आधीं निदान एक आठवडा चेहऱ्यावर ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, खरखरीत लेप यांतलें कांहींही करूं नये. पुरुषांनीं त्या दिवशीं दाढी करूं नये. या सर्वांनीं त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि आम्ल तेथें खोल शिरतें. आमच्या भाचीच्या गालावर जें झालें त्याचें निम्में कारण तें दुपारचें ब्लीच होतें.

चौथी गोष्ट, कार्याचा हिशेब. लग्न ठरलें कीं आठ दिवस आधीं पील करावा असें पुष्कळ मुलींस वाटतें. बाई अशा मुलींस परत पाठवितात. शेवटचा पील व कार्य यांत निदान एक महिना असावा. हळदीच्या दिवशीं दहा जणी हळद चोळणार, मांडवांत धूर, दिव्यांची धग, जाड रंगरंगोटी. सोललेल्या चेहऱ्यास यांतलें कांहींच सोसत नाहीं.

त्या दिवशीं

पहिला पील आश्विनांत झाला. आधीं कानामागें थोडें आम्ल लावून त्वचेस तें मानवतें कीं नाहीं हें पाहिलें होतें. चेहरा धुऊन स्पिरिटनें तेलकटपणा काढला. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या व ओठ यांना व्हॅसलिन लावून झांकलें. मग घड्याळ लावून ब्रशानें कपाळापासून आम्ल पसरलें. बाई सारख्या चेहऱ्याकडे पाहात होत्या, घड्याळापेक्षां त्वचेकडे अधिक. समोर छोटा पंखा होता. “मिरची लागल्यासारखें होतंय,” भाची म्हणाली. दोन मिनिटांनीं त्यांनीं सोड्याचें पाणी लावून तें शमविलें व गार पाण्यानें चेहरा धुतला. घरीं जें अर्धा तास राहिलें होतें, तें येथें दोन मिनिटांत आटोपलें. कोणत्या क्षणीं थांबावें हें जाणणें, हीच सर्व विद्या होय. आणि ती बाटलींत मिळत नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेंही तीव्र आम्लांचे पील देखरेखीवांचून घरीं करूं नयेत असा जाहीर इशारा दिला. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें तर २००८ सालींच पील कोणी व कसे करावे याचे दंडक प्रसिद्ध केले होते. म्हणून दारावरची पाटी पाहूं नये, पदवी पाहावी. त्वचारोगांतील पदव्युत्तर शिक्षण झालेला डॉक्टरच गांठावा.

नंतरची निगा

वरवरच्या पीलनंतर पहिला दिवस थोडी लाली व चुरचुर असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्वचा ओढल्यासारखी वाटते, मग कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. पांच ते सात दिवसांत सारें निवळतें. मध्यम पीलला एक ते दोन आठवडे लागतात. या दिवसांत पाळावयाचे नियम थोडे आहेत, परंतु मोडण्याचा मोह मोठा आहे.

पापुद्रा ओढूं नये. हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम. खालची त्वचा तयार झाली कीं तो आपोआप गळतो. ओढला तर कच्ची जागा उघडी पडते व काळा डाग होतो. नखें कापून ठेवावींत. चेहरा दिवसांतून दोनदां गार अथवा कोमट पाण्यानें, सौम्य क्लीन्झरनें, बोटांच्या टोकांनीं धुवावा. टॉवेलनें पुसूं नये, टिपून घ्यावा. ओलसर असतांच साधें बिनवासाचें मॉइश्चरायझर लावावें. फार कोरडें पडल्यास व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. बंद केलेलें रात्रीचें मलम डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हां सुरूं करूं नये.

आपल्या घरांतील कित्येक प्रेमळ उपचार या आठवड्यांत शत्रूसारखे असतात. हळद-डाळीचें पीठ, लिंबू, मुलतानी माती, दह्याचा लेप, टूथपेस्ट यांपैकीं कांहीं लावूं नये. वाफ घेऊं नये. कुकरच्या वाफेसमोर व तापल्या तव्यासमोर फार वेळ उभें राहूं नये. तो आठवडा स्वयंपाकघरांतून रजा मिळाली तर ती आनंदानें द्यावी, असें आम्ही घरांतील इतरांस सुचवितों. भाचीचा दुसरा पील नेमका दिवाळीच्या आधीं झाला. तेव्हां अभ्यंगाला उटणें अंगास लाविलें, तोंडास नाहीं. चिकट टिकलीही कपाळ निवळेपर्यंत लावूं नये.

आणि ऊन. नवी त्वचा म्हणजे नुकतें उगवलेलें रोप. तिला उन्हाची धग सोसत नाहीं. बाहेर पडण्यापूर्वीं सनस्क्रीन लावावें; त्यावरील संरक्षणांक ३० किंवा अधिक असावा आणि दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून तें रक्षण करणारें असावें. तो अंक केवळ एका प्रकारच्या किरणांविषयीं असतो, दुसरे किरण कांचेंतूनही येतात. म्हणून खिडकीशीं वा मोटारींत बसणाऱ्यांनींही तें लावावें. दोन बोटांच्या लांबीएवढें सनस्क्रीन चेहरा व मान यांस लागतें. आपण बहुतेक त्याच्या निम्मेंही लावीत नाहीं. उन्हांत असतां दर दोन तासांनीं तें पुन्हां लावावें. वांग असणाऱ्यांना लोहाचा अंश असलेलें किंचित् रंगीत सनस्क्रीन अधिक हितकर, कारण डोळ्यांस दिसणारा उजेडही वांग वाढवितो. याखेरीज आपली छत्री, ओढणी व स्कूटरवर तोंडाभोंवतीं बांधावयाचा स्वच्छ सुती रुमाल आहेच. हें एक पील झाल्यावर आठवडाभर नव्हे, तर कायमचेंच.

वेदना कमी होण्याऐवजीं वाढली, फोड आले, पू धरला, ताप आला, पाण्यानें भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोंस उठला, लाली आठवड्यानंतरही तशीच राहिली, किंवा एखादी जागा काळवंडूं लागली, तर घरगुती उपाय न करितां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. काळवंडण्यावर लवकर उपचार झाले तर बरेंच हातीं लागतें.

आणखी एक कबुली

येथवर उपदेश झाला. आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती वहींत नव्हती.

तो ज्येष्ठांतला पाहण्याचा कार्यक्रम बहिणीनें पुढें ढकलला आणि तो श्रावणांत झाला. डाग तेव्हां ठसठशीत होता. रंगानें तो झांकतां आला असता. बाईंनीं मनाई केली होती आणि भाचीनेंही तें केलें नाहीं. मंडळी आली, चहा झाला, बोलणें नीट झालें. आठ दिवसांनीं नकार आला. कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

त्या संध्याकाळीं आम्ही बहिणीकडेच होतों. भाची आंत गेल्यावर बहीण म्हणाली, “दादा, माझ्या वेळचें पत्र तू लिहिलें होतेंस, आठवतंय?”

आठवत होतें. १९८६ सालची गोष्ट. आमचें अक्षर चांगलें म्हणून स्थळांकडची पत्रें वडील आमच्याकडून लिहवून घेत. बहीण सांवळी. वडिलांनीं ‘वर्ण निमगोरा’ असें सांगितलें आणि आम्हीं तें वळणदार अक्षरांत लिहिलें. पाहुणे आले, आणि ओटीवर बसलेल्या एका वयस्क बाईंनीं, “पत्रांत लिहिलंय तसं कांहीं दिसत नाहीं,” असें मोठ्यानें म्हटलें. स्वयंपाकघरांत पोह्यांवर खोबरें घालीत असलेल्या बहिणीच्या कानीं तें गेलें. त्यानंतर कित्येक महिने ती लिंबू आणि साय लावून गच्चीवर उन्हांत बसत असे. लिंबानें व उन्हानें त्वचा अधिकच काळवंडते हें तिला सांगणारें कोणी नव्हतें. आम्हां घरांतल्यांना तर ती काय करते हें दिसतही नव्हतें.

“मला त्या बाईंचा राग नाहीं आला रे,” ती म्हणाली. “त्या खरंच बोलल्या. तुझ्या अक्षराचा राग आला.”

यावर आम्हीं काय उत्तर द्यावें? कांहीं दिलें नाहीं. आंबटगोड औषधांची माहिती आम्हीं वहींत उतरून घेतली. परंतु जो डाग मुलींच्या मनावर आपणच पाडतों, त्यावर कोणतें आम्ल चालेल, हें त्या वहींत नाहीं. ब्लीच, बाटली, अर्धा तास हें सारें भाचीनें केलें खरें. पण एका महिन्यांत दुसरा चेहरा आणावयास हवा अशी घाई तिला कोणी लाविली?

माघापर्यंत चार पील झाले. मुरुमांच्या खुणा पुष्कळ फिकटल्या आहेत. भाजल्याचा डाग जवळून पाहिल्यास अजून दिसतो. बाई म्हणतात, तो हळूंहळू जाईल, कदाचित् पुसट राहीलही. पील डाग घालवितो, वर्ण बदलीत नाहीं, हें त्यांनीं पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगितलें होतें. डाग, सुरकुत्या, मुरुम यांवर उपचार करून घेण्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. दांत किडला तर आपण दंतवैद्याकडे जातोंच. परंतु गोरें होण्यासाठीं कोणी पील करीत असेल, तर त्यानें पैसे व त्वचा दोन्ही वांचवावींत.

गेल्या महिन्यांत भाचीनें नवें परिचयपत्रक लिहून द्या म्हणून आमच्याकडे आणिलें. “मामा, तुझं मराठी चांगलं,” ती म्हणाली. शिक्षण, नोकरी, उंची, आवडीनिवडी हें सर्व आम्हीं लिहिलें. ‘वर्ण’ या रकान्यापाशीं लेखणी क्षणभर थांबली. मग आम्हीं ‘सांवळा’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें आणि कागद तिच्या हातीं दिला. तिनें वाचलें, हंसली, आणि पेन घेऊन तो रकानाच्या रकाना खोडून टाकिला.

“फोटो जोडलाय ना, मामा. दिसेल कीं ज्याला पाहायचं त्याला.”

चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. परंतु आमच्या लिखाणांतली इतकी अचूक दुरुस्ती दुसऱ्या कोणीं केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.